आजी, भिंग आणि तीन झाडं

यंदा ॲमस्टरडॅमहून पुण्याला येताना आजीसाठी एक चित्र आणलं. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'तीन झाडं', १६४३ सालच्या एचिंगची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राची, छापील प्रत. मूळ चित्रही जेमतेम २१ बाय २८ सेंटिमीटरचं.

रेम्ब्रांट १६३९पासून जवळपास वीस वर्षं ज्या घरात राहिला, तिथे आता संग्रहालय आहे. एचिंग कसं छापतात, तेही तिथे करून दाखवतात. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण जिथे खरवडलं असेल, तेवढंच तांबं आम्ल खातं. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटतं, तेही उलटं. कसब्यात तांबट आळीच्या ठकठकीत वाढलेय मी. तो पत्रा बघूनच घरची आठवण आली.

आजी मूळची मावळातली. तिने भिंग घेतलं आणि झाडांकडे न बघता थेट खाली गेली. "हा गळ टाकून बसलाय. बाई पण आहे शेजारी." मग डावीकडच्या सपाट रानात शिरली. गुरं, माणसं, एकेक माणूस म्हणजे सुईचे दोन-तीन ओरखडे. "अगं, वरून सर येतेय की, आणि ही अजून रानातच!" डाव्या कोपऱ्यातल्या त्या तिरप्या रेघा मी कितीदा पाहिल्या होत्या, पण त्यांच्याखालच्या माणसांची काळजी मला कधी वाटली नव्हती.

या तीन झाडांत काही अभ्यासकांना येशूला क्रूसावर चढवलं त्या वेळचे तीन क्रूस दिसतात. असतीलही. मला मात्र त्या ओरखड्यांएवढ्या माणसांतच चित्राचा जीव वाटतो.

"एवढी सपाट जमीन, पाणी जातं कुठं?" आजीने विचारलं. मी सांगितलं, तिकडे बांध घालून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून कितीतरी जमीन कोरडी केलीय. रेम्ब्रांटचे वडीलही लायडनचे पवनचक्कीवाले.

"म्हणजे आमच्या भातखाचरांसारखंच," ती म्हणाली. तिच्या सासऱ्यांनी उतारावर दगड रचून बांध घातले होते. पावसाने ते दरसाल फुटायचे, आणि ही इरलं घेऊन चिखलाने लिंपायची. बराच वेळ ती त्याच बांधांबद्दल बोलत राहिली.

मग भिंग उजवीकडे टेकडीवर नेलं. "आणि हा इथे एकटाच बसून काय करतोय?"

"चित्र काढतोय, आजी."

"त्याला म्हणावं, पाऊस आलाय, खालच्यांना हाक मार."