बी पेशींच्या मागावर : स्टीफन हाउझर यांचे संशोधन

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजारावर आज जी सर्वांत परिणामकारक औषधे दिली जातात, त्यांतला एक मोठा गट ज्या तर्कातून निघाला तो तर्क पुढे अर्धाच खरा ठरला. औषध लागू पडले, पण ज्या कारणाने लागू पडेल असे वाटले होते त्या कारणाने नव्हे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ स्टीफन हाउझर यांच्या कारकिर्दीबद्दल मी गेली काही वर्षे मिळेल ते वाचतो आहे, ते मुख्यतः या विसंगतीमुळे.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मेंदूतील आणि मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट करते. कुणाची एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी 1868 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. परंतु आजाराची वाटचाल बदलू शकणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर व्हायला 1993 उजाडावे लागले.

हाउझर या क्षेत्रात आले तेव्हा, 1970च्या दशकाच्या अखेरीस, रुग्णाच्या हाती देण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. एमआयटी आणि हार्वर्ड येथे शिक्षण घेऊन बोस्टनमध्ये प्रशिक्षण घेत असताना त्यांनी एका तरुण वकील महिलेवर उपचार केले. व्हाइट हाउसमध्ये काम केलेल्या या हुशार स्त्रीला आजाराने अल्पावधीत बोलणे आणि गिळणेही अशक्य करून टाकले होते. आपण एमएसकडे वळलो ते तिच्यामुळे, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. हॉवर्ड वाइनर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचे जहाल औषध वापरून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष 1983 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिकारशक्ती सरसकट दडपली तर आजार काही काळ थोपवता येतो एवढे त्यातून दिसले; पण सगळी यंत्रणा बंद पाडण्याऐवजी तिच्यातला नेमका दोषी घटक कोणता, हा प्रश्न त्यानंतर अधिकच टोकदार झाला.

त्या काळी या प्रश्नाचे ठरलेले उत्तर होते टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. उंदरांमध्ये एमएससारखा आजार कृत्रिमरीत्या निर्माण करता येत असे, आणि आजारी उंदराच्या टी पेशी निरोगी उंदराला दिल्या की तोही आजारी पडे. पुरावा इतका नेटका होता की बी पेशींकडे, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या पांढऱ्या पेशींकडे, फारसे कुणी पाहत नसे. वास्तविक एमएसच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले असते हे 1940च्या दशकापासून ठाऊक होते आणि निदानासाठी त्याचा उपयोगही केला जात होता. तरीही त्याकडे आजाराचा परिणाम म्हणूनच पाहिले जाई. माझ्या मते वैद्यकशास्त्रात अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत : सोयीचा प्राणी सापडला की त्या प्राण्याचा आजार हाच माणसाचा आजार समजला जातो.

हाउझर यांच्या गटाने उंदीर सोडून मार्मोसेट हे ब्राझीलमधले छोटे माकड निवडले. ही निवड मला त्यांच्या संपूर्ण कामातली सर्वांत चतुर गोष्ट वाटते. मार्मोसेटची जुळी पिल्ले गर्भातच एकमेकांच्या रक्तपेशींची देवाणघेवाण करतात, त्यामुळे एकाच्या टी पेशी दुसऱ्याला दिल्या तरी त्याचे शरीर त्यांना परके मानून नाकारत नाही, आणि उंदरांतला तोच प्रयोग माणसाच्या अधिक जवळच्या प्राण्यात करून पाहता येतो. क्लोद जेनँ यांच्यासह 1990च्या दशकाच्या मध्यास केलेल्या या प्रयोगांत असे दिसले की केवळ टी पेशी दिल्यावर मेंदूत दाह होतो, परंतु मायलिन सोलवटून निघण्याची एमएसची खास खूण त्यात उमटत नाही; ती उमटण्यासाठी मायलिनविरोधी प्रतिपिंडेही लागतात. मार्मोसेटमध्ये आणि माणसाच्या मेंदूतील व्रणांमध्ये ही प्रतिपिंडे मायलिनच्या विघटनाच्या जागी असतात हे या गटाने 1999 मध्ये दाखवले.

मग बी पेशी काढून टाकल्या तर काय होईल? त्या पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी20 या खुणेला चिकटून त्यांना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध 1997 पासून लिंफोमा या कर्करोगासाठी उपलब्ध होते. चाचणीसाठी सरकारी निधी मागितला तेव्हा परीक्षकांनी ही कल्पना जीवशास्त्रीयदृष्ट्या पटण्याजोगी नाही असे म्हणत अर्ज फेटाळला. अखेरीस औषध कंपनीच्या मदतीने 104 रुग्णांवर चाचणी झाली, जिचे निष्कर्ष फेब्रुवारी 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. एमआरआयमध्ये दिसणारे नवे, सक्रिय व्रण प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेच्या, तुलनेत 91 टक्क्यांनी कमी झाले होते.

आणि इथेच तर्क डळमळला. परिणाम काही आठवड्यांतच दिसू लागला होता, पण तेवढ्या काळात रुग्णांच्या शरीरातील प्रतिपिंडे फारशी घटत नाहीत, कारण ती तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी20 ही खूण नसतेच आणि औषध त्यांना स्पर्शही करत नाही. म्हणजे बी पेशी दोषी होत्या, पण त्यांच्यावर लावलेला आरोप निराळा निघाला. आज मान्य असलेल्या मांडणीनुसार त्या टी पेशींना लक्ष्य दाखवतात आणि दाह भडकवणारी रसायने स्रवतात. अपेक्षेविरुद्ध आलेला हा भाग हाउझर यांनी झाकून ठेवला नाही, आणि टी पेशींचे महत्त्वही नाकारले नाही.

पुढचा प्रवास तुलनेने सरळ होता. रिटुक्सिमॅबचाच अधिक मानवीकृत (माणसाच्या प्रतिपिंडांशी अधिक मिळताजुळता केलेला) भाऊबंद असलेल्या ऑक्रेलिझुमॅबने दोन मोठ्या चाचण्यांत इंटरफेरॉनच्या तुलनेत झटक्यांचे, म्हणजे लक्षणे अचानक उफाळून येण्याचे, वार्षिक प्रमाण सुमारे 46 ते 47 टक्क्यांनी कमी केले, तर सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या, तोवर औषधच नसलेल्या प्रकारात अपंगत्व वाढण्याचा धोका 24 टक्क्यांनी घटवला. मार्च 2017 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. किंमत मात्र वर्षाला 65,000 डॉलर ठरली.

आपल्याकडे म्हणूनच जुने रिटुक्सिमॅब महत्त्वाचे ठरते. डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती 2007 मध्येच बाजारात आणली होती आणि एमएससाठी अधिकृत नोंदणी नसतानाही अनेक तज्ज्ञ ते वापरतात. पुण्यातली माझी मामेबहीणही दर सहा महिन्यांनी रुग्णालयात जाऊन ते सलाईनमधून घेते. ते घेतल्यापासून तिला नवा झटका आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, ही त्या वर्षातली खरोखर मोठी बातमी होती. आपल्या वर्तमानपत्रांत तिला कोपराही मिळालेला माझ्या पाहण्यात आला नाही.

बी पेशींच्या कथेला अलीकडे आणखी एक धागा जोडला गेला आहे. हार्वर्डचे अल्बर्टो अस्केरियो आणि सहकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये दाखवले की एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. हा विषाणू शरीरात आयुष्यभर दडून बसतो तो नेमका बी पेशींमध्येच. अस्केरियो आणि हाउझर यांना 2025चा ब्रेकथ्रू पुरस्कार विभागून मिळाला तेव्हा निवड समितीने दोन स्वतंत्र शोधांना एकत्र बसवले असे वरवर वाटले, तरी दोघे एकाच पेशीपाशी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले होते. विषाणूपासून आजारापर्यंतची साखळी मात्र अजून पूर्ण जोडलेली नाही, कारण हा संसर्ग जवळजवळ सर्वांनाच होतो आणि एमएस फार थोड्यांना.

याहून अवघड प्रश्न औषध लागू पडलेल्या रुग्णांचा आहे. झटके थांबतात, एमआरआय स्वच्छ येतो, तरीही काहींची चाल वर्षागणिक मंदावत जाते. हाउझर यांच्याच विद्यापीठातील गटाने 2019 मध्ये या छुप्या वाढीचे वर्णन केले आणि ती आजाराच्या उशिराच्या टप्प्यातच नव्हे तर सुरुवातीपासून चालू असू शकते असे मांडले. ही औषधे स्वतःच प्रतिपिंडे आहेत, आणि शिरेतून दिलेली प्रतिपिंडे रक्तातून मेंदूत फारच थोडी शिरतात, त्यामुळे मेंदूच्या आत घर केलेल्या दाहापर्यंत पोहोचणारी औषधे शोधणे हे काम आता पुढच्या पिढीतील संशोधकांनी हाती घेतले आहे.