चाकू की चमचा? एका राखीच्या पार्सलचा माझा अनुभव

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता राहून जाईल. परदेशातून बहीण राखी पाठवत असेल तर तिला बजावा की त्या पाकिटात राखीशिवाय काहीही घालू नकोस. चॉकलेट नको, रुमाल नको, आणि चाकू तर मुळीच नको.

माझी धाकटी बहीण जर्मनीत श्टुटगार्टला असते. २०२४ च्या जुलैत तिथल्या एका जुन्या बाजारात तिला घडीचा चाकू दिसला. शिंगाची मूठ, पात्यावर सोलिंगेन या चाकूंसाठी प्रसिद्ध जर्मन शहराचा शिक्का, एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला काटा आणि पाठीवर दुमडलेला चमचा. कॉलेजात असताना असाच एक माझ्याकडे होता, चोरबाजारातून घासाघीस करून घेतलेला. हरिश्चंद्रगडावर गणेश गुहेत मुक्काम केला आणि सकाळी पाऊस उघडलाय म्हणून घाईत निघालो, तो तिथेच राहिला. तेव्हा मी घरी येऊन किती हळहळलो होतो ते बहिणीच्या लक्षात होतं. तिने पंचवीस युरो मोजले, राखीसोबत पाकिटात घातला आणि पाठवून दिला.

ज्यांनी असा चाकू पाहिला नाही त्यांना यातली गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. साध्या घडीच्या चाकूत काटा आणि पातं एकाच मुठीत असतात. म्हणजे काट्याने धरून पात्याने कापायचं म्हटलं तर दोन्ही हातांत एकच वस्तू कशी धरणार? म्हणून या जातीच्या चाकूची मूठ उभी दुभंगते. आत पितळी पट्ट्या असतात, एकीला खुंटी, दुसरीला खाच. जरा सरकवलं की दोन भाग सुटे होतात: एका हातात चाकू, दुसऱ्या हातात काटा-चमचा. जेवण झालं की पुन्हा सरकवून एक.

१५ जुलैला पार्सल तिकडून निघालं आणि नऊ दिवसांत भारतात पोचलं. इथपर्यंत तक्रार नाही. त्यानंतर ट्रॅकिंगवर ‘हेल्ड बाय कस्टम्स’ अशी ओळ आली आणि ती तिथेच मुक्कामाला राहिली. मी दिवसातून चार वेळा बघायचो. बायको म्हणाली, सारखं बघितल्याने ते हलणार आहे का. नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. त्या दिवशी चुलत बहिणीची राखी बांधून घेतली आणि संध्याकाळी पुन्हा ट्रॅकिंग उघडलं.

सीमाशुल्क खात्याचं (म्हणजे कस्टम्सचं) पत्र आलं दुसऱ्या दिवशी. ओळखपत्राची प्रत, किमतीचा पुरावा, वस्तू कशासाठी मागवली त्याचा खुलासा, आणि ती शस्त्र नसल्याबद्दल ‘समाधानकारक कागदपत्रं’. ओळखपत्रापाशीच पहिली ठेच लागली. बहिणीने पाकिटावर माझं घरातलं नाव लिहिलेलं, ‘अण्णा’, पुढे आडनाव. आधारवर अर्थातच तसा कोणी माणूस नाही. दोन्ही नावं माझीच, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. तुमच्या माणसांना सांगून ठेवा, पाकिटावर आधारवरचंच नाव घाला, लाडाचं नाव फोनवर.

मी मेल पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. मग चार तासांचा प्रवास करून त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, अजून एक पार्सल यायचं आहे.

पहिल्या खेपेला खिडकीवरच्या गृहस्थांनी पार्सलसोबत भरलेल्या फॉर्मची प्रत पाहिली. बहिणीने प्रामाणिकपणे इंग्रजीत ‘पॉकेट नाइफ’ लिहिलं होतं.

“चाकू आहे ना? मग लायसन?”

याची तयारी मी करून गेलो होतो. शस्त्रांच्या नियमावलीत धारदार शस्त्रांचा जो पाचवा वर्ग आहे, त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू येतात, आणि घरगुती वापरासाठी घडवलेली वस्तू त्यातूनही वगळली आहे. प्रिंट पुढे सरकवली. म्हटलं, याचं पातं साडेसात सेंटीमीटर आहे, पुरतं ३ इंचही भरत नाही.

“मोजलं कोणी?”

“साहेब, वस्तू तुमच्याकडे आहे. तुम्हीच मोजा.”

“मोजणारे रजेवर आहेत.”

परतीच्या गाडीत मी जे काही पुटपुटत होतो ते शेजारच्या काकांनी बहुतेक ऐकलं असावं, कारण त्यांनी जागा बदलली.

दुसऱ्या खेपेला मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेलो. याचा उपयोग झाला, हे लक्षात ठेवा: पट्टी आपली न्या, पेन आपलं न्या, शक्य तर पट्टीशेजारी ठेवून काढलेला वस्तूचा फोटोही आधीच मागवून घ्या. पाकीट उघडलं गेलं. कागदात गुंडाळलेली राखी बाजूला निघाली आणि टेबलावर पेपरवेटखाली जाऊन बसली. पातं मोजलं, साडेसातला एक रेघ कमी भरलं. शस्त्राचा प्रश्न मिटला. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “हे टाकायचं कशात? ब्याऐंशी अकरा की ब्याऐंशी पंधरा?”

तोवर मला माहीत नव्हतं की सीमाशुल्काच्या जाडजूड पुस्तकात जगातल्या प्रत्येक वस्तूला आकडा आहे. चाकू ८२११ मध्ये. चमचे, काटे, पळ्या, झारे, साखरेचे चिमटे ८२१५ मध्ये. लोण्याची सुरीसुद्धा ८२१५ मध्येच, कारण ती चाकूच्या नव्हे, चमच्याच्या पंगतीला बसते. पण चाकूलाच चमचा फुटला असेल तर? अशा मिश्र वस्तूचं मुख्य स्वरूप कोणतं ते बघायचं, असा त्यावर नियम आहे. मुख्य स्वरूप! एक साहेब म्हणाले, पातं आहे म्हणजे चाकू. दुसरे म्हणाले, तिघांपैकी दोन अवयव जेवणाचे, म्हणजे चमचा. पहिले म्हणाले, पातंसुद्धा जेवणाचंच धरा मग. तोवर तिसऱ्यांनी काटा उघडायचा प्रयत्न केला. जुनी स्प्रिंग घट्ट होती, नखाच्या खाचेत त्यांचं नख अडकेना.

आणि इथे मी माती खाल्ली. “द्या इकडे, दाखवतो,” म्हणत मी मूठ सरकवली आणि दोन भाग सुटे करून दोन हातांत धरले. मला म्हणायचं होतं, बघा, हा चाकू नाही, हे ताटावरचं साहित्य आहे. त्या खोलीत पहिल्यांदाच शांतता पसरली.

“अहो, हे तर दोन नग झाले.”

“नाही साहेब, एकच आहे.”

“दोन दिसतायत. हा एक चाकू, ८२११. हा एक काटा-चमचा, ८२१५. आणि फॉर्मवर नग एक लिहिलाय.”

मी घाईघाईने खुंटी खाचेत घातली. “हे बघा, एक.”

“पण होऊ शकतात दोन.”

एखाद्या जादूगाराचा प्रयोग फसावा तसा मी उभा. चार माणसं जमली, प्रत्येकाने तो जोडून आणि सोडवून पाहिला, एकाने मुलासाठी असा कुठे मिळेल ते विचारलं. आणि शेवटी मला सांगण्यात आलं की लेखी अर्ज द्या, वर पाठवतो.

तो अर्ज मी रागाच्या भरात लिहिला, दोन पानांचा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक रोमन घडीचं हत्यार आहे, इसवीसनाच्या तिसऱ्या शतकातलं. अंग चांदीचं, पातं लोखंडाचं, तेही गंजून गेलेलं. सोबत चमचा, तीन दातांचा काटा आणि बारीकसारीक टोकदार साधनं. त्याचा फोटो जोडला. लिहिलं की १७९७ मध्ये तेनेरिफच्या लढाईत ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा उजवा हात गेला, तेव्हापासून तो चाकू आणि काटा एकत्र असलेलं साधन वापरून एका हाताने जेवायचा; त्याला कोणी शस्त्र म्हटलं नाही, शस्त्रं त्याच्याकडे वेगळी होती. हे शेवटचं वाक्य बायकोने खोडायला लावलं. बरोबरच केलं. अर्जात विनोद करू नयेत.

भेटवस्तू म्हणून सूट मागावी असा सल्ला एकाने दिला होता. त्याच्या नादी लागू नका. २०१९ च्या डिसेंबरपासून टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत बंद आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. आणि त्या आदेशात पुढे स्पष्ट लिहिलंय की राखी चालेल, पण राखीसोबतची भेट चालणार नाही. हे वाचलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, कोणीतरी माझ्या बहिणीचं पाकीट डोळ्यांसमोर ठेवूनच हे कलम लिहिलंय.

तिसरी खेप गणपती बसल्यानंतरची, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. या वेळी एक ज्येष्ठ मॅडम होत्या. त्यांनी माझा दोन पानी अर्ज उघडला, रोमन चाकूचा फोटो आडवा-उभा करून पाहिला, आणि विचारलं, “विकायला आणलाय का?”

“नाही हो, स्वतःसाठी. डोंगरात न्यायला.”

“मग यात वाद कसला? स्वतःच्या वापरासाठी पोस्टाने आलेल्या वस्तू सगळ्या ९८०४ मध्ये जातात. चाकू असो की चमचा.”

पाच मिनिटं. दीड महिना तो चाकू की चमचा म्हणून अडकला होता, आणि उत्तर होतं ‘दोन्ही नाही’. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी भूक लागल्याचं जाणवलं. समोरच्या टपरीवर दोन वडापाव खाल्ले, हाताने.

बहिणीने फॉर्मवर ‘जेवणाचं घडीचं साहित्य: चमचा, काटा, सुरी; पातं साडेसात सेंमी; स्वतःच्या वापरासाठी’ एवढं लिहिलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता, असं मला वाटतं. खोटं काही लिहू नका, किंमतही खरीच घाला, पण ‘चाकू’ हा शब्द यादीत शेवटी येऊ द्या. आणि हाच चाकू विमानप्रवासात न्यायचा असेल तर तो सामानात द्यायच्या मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत राहिला तर तिथे वाद घालायलाही कोणी थांबणार नाही.

२० सप्टेंबरला पोस्टमन आला. शुल्क दारातच त्याच्या हाती द्यायचं असतं, सुटे पैसे तयार ठेवा. रक्कम इथे लिहीत नाही, बायको वाचते. पितृपक्ष सुरू झाला होता, त्यामुळे राखी आईने देवघरात ठेवली. घटस्थापनेच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बहिणीसमोर मुलीने माझ्या हाताला बांधली. पेपरवेटखाली राहून तिचा गोंडा चपटा झाला होता.

चाकू मात्र एका पिशवीत नव्हता. दोन भाग दोन वेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होते. एकीवर पेनने लिहिलं होतं ‘नग १’, दुसरीवर ‘नग २’.