आमची वाटचाल : कोकम गमी

गमी, म्हणजे चघळायची मऊ गोळी, म्हटलं की सिंधुदुर्गातलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "जिलेटिन नाही ना?" म्हणून आम्ही पहिल्यापासून पेक्टिन धरलं, फळांच्या सालीतून निघणारं, गमी जमवणारं. जिलेटिन थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतं, पण ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं, पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण आली की अर्धी विक्री गेली.

दहा किलोच्या घाण्याचं माप आजही तेच आहे. साखर ४.६ किलो, लिक्विड ग्लुकोज ३.६ किलो, स्लो-सेट (सावकाश जमणारं) पेक्टिन १८० ग्रॅम, सोडियम सायट्रेट ३५ ग्रॅम, पाणी ३ लिटर. पेक्टिन आधी किलोभर कोरड्या साखरेत कालवायचं. नुसतं पाण्यात टाकलं की बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या उकळूनही फुटत नाहीत. ते पूर्ण विरघळलं की उरलेली साखर थोडी थोडी, उकळी न मोडता घालायची, मग ग्लुकोज. पाकातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ८० ब्रिक्स (साधारण शंभरात ८० भाग साखर) दिसलं की आच बंद. घ्यायचा तर ५८ ते ९० पट्टीचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, स्वस्तातला ३२ पर्यंतचा रसाला ठीक, इथे निरुपयोगी.

आंबट सगळ्यात शेवटी. वेगळा आटवलेला कोकमाचा रस आणि निम्मं सायट्रिक आम्ल, निम्मं पाणी असं द्रावण, दोन्ही मिळून पाव लिटर. (आगळ नको, त्यात मीठ असतं.) आम्ल आधी पडलं तर साखर फुटते आणि तयार गमी हवेतलं पाणी ओढते. पीएच (आंबटपणाचं माप) ३.४ च्या आसपास. सायट्रेट आंबटपणा आवरतं, पण जास्त झालं तर कोकमाचा लाल रंग मळकट जांभळा होतो. आम्ल पडल्यावर साचे भरायला वेळ थोडाच असतो, मिश्रण ९० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

करोनाच्या आदल्या पावसाळ्यात धंदा बसता बसता वाचला. पेक्टिनचं पोतं तेच, छाप तोच, आतला माल रॅपिड-सेट, म्हणजे झटकन जमणारा. आम्ल पडताच साचे भरायच्या यंत्राच्या टाकीत, हॉपरमध्येच, जमायला लागलं. एकदा जमलेलं पेक्टिन ढवळून मोडलं की पुन्हा नीट जुळत नाही, म्हणून गमी रवाळ झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी सुटलं. नोझल तुंबली ती वेगळीच. पुरवठादार म्हणाला, तुमच्या भट्टीचा दोष. पुण्याच्या व्यापाऱ्याने गणपतीची ऑर्डर फिरवली. ती घेतली शेजारच्याच एका कारखानदाराने, जिलेटिनच्या गोळ्या देऊन, वर आमचा माल नासका म्हणून सांगत. नासका नव्हता. रवाळ होता. हा फरक त्यालाही कळत होता.

तेव्हापासून नवं पोतं आलं की आधी किलोभराचा घाणा. आम्ल घालून थर्मामीटर त्यातच ठेवायचा आणि कोणत्या अंशाला जमतं ते लॉट नंबरासह लिहायचं. पुरवठादाराशी भांडायचं तर हाच कागद कामाला येतो, तोंडी काही टिकत नाही.

त्या हंगामात कुडाळच्या एका शेटनी तेवढी ऑर्डर मोडली नाही. "माल बरो असा, पण बरणी रडता," एवढंच म्हणाले. बरोबर होतं. आमच्याकडे पावसात उघड्या बरणीतली वरची साखर पाझरतेच. आता साच्यातून काढलेल्या गमी हवेतला ओलावा काढणाऱ्या डीह्युमिडिफायरच्या खोलीत दिवसभर ठेवतो, मग जेमतेम वाफ दाखवून साखर लावतो, आणि माल शंभर ग्रॅमच्या बंद पाकिटातच जातो. पाकीट उघडलं की गिऱ्हाईकच संपवतं.

हल्ली भांगेच्या गमीची विचारणा येते. २०२१ पासून हेम्पचं (भांगेच्याच झाडाचं) बी, बियांचं तेल आणि पीठ एवढंच अन्न म्हणून मान्य आहे. बाकी विचारणाऱ्यांना आम्ही कोकमच देतो.

नंतरची वर्षं बरी गेली. पुण्याचा तो व्यापारी आता पुन्हा माल मागतो. निम्मे पैसे आगाऊ आल्याशिवाय गाडी भरत नाही.