दारावरचा गरम मसाला

डिसेंबरातल्या रविवारी दुपारी जेवून आडवं झालं की चारपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही, असा आमच्या घरात जुना दंडक आहे. परवा तो मोडला. गच्चीवर वाळत घातलेल्या संत्र्याच्या चकत्यांना मुंग्या लागल्या म्हणून पुतणी आरडत खाली आली, हळदीचा डबा उचलला आणि पुन्हा वर पळाली. झोप गेली ती गेलीच, पण संत्र्याच्या चकत्या कुणी वाळत घालतं हेच मला पचेना. आमच्या गच्चीनं आजवर सांडगे पाहिले, कुरडया पाहिल्या, भरल्या मिरच्या पाहिल्या. संत्रं पहिल्यांदाच.

चौकशी केल्यावर कळलं की हे खायचं नाही. दाराला बांधायचं आहे.

पुतणी बेंगळूरला नोकरी करते. नाताळाच्या सुट्टीत बेळगावात, शहापूरच्या घरी येताना दर वर्षी एक नवं खूळ घेऊन येते. गेल्या खेपेला आंबवलेला चहा होता. त्याची बरणी फुटली आणि आम्ही सुटलो. या खेपेला चेटकिणींचं कडं. तिकडे विलायतेत आणि अमेरिकेत हौसेनं स्वतःला चेटकीण म्हणवून घेणारी मंडळी आहेत. २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, त्यांचा यूल नावाचा सण असतो. ऐन बर्फातही हिरव्या राहणाऱ्या झाडांच्या डहाळ्या गोल वळवून दाराला लावायच्या, म्हणजे वाईट ते बाहेर राहतं. गोल कशाला, तर ते वर्षाचं चाक.

"हे फार जुनं आहे, काका," ती म्हणाली.

किती जुनं, ते मी मग बघितलं. दाराला डहाळी बांधायची चाल जुनी असणारच, ती कुठं नाही? पण चेटकिणींचा हा आजचा पंथ उजेडात आणला जेरल्ड गार्डनर नावाच्या एका निवृत्त इंग्रज साहेबानं. मलायात जकात खात्यात नोकरी केलेला गृहस्थ. १९५१ साली इंग्लंडनं चेटकाविरुद्धचा जुना कायदा रद्द केला आणि हे साहेब उघड बोलू-लिहू लागले. म्हणजे पंथ आमच्या सीमाप्रश्नाहून जेमतेम चार-पाच वर्षांनी थोरला. हे मी पुतणीला सांगितलं नाही. बेळगावात राहून सीमाप्रश्नाला कालपरवाचा म्हणायची माझी छाती नाही.

ओट्यावर तिनं सामान मांडलं होतं. दालचिनीच्या लांब काड्या, तमालपत्र, लवंगा, चक्रीफूल. प्रत्येकाला काम वाटून दिलेलं. दालचिनी भरभराटीसाठी, लवंग चहाडखोरांची तोंडं बंद करायला, तमालपत्रावर मनातली इच्छा लिहायची. (तिकडचं ते पान वेगळ्याच झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या भावकीतलं. पण इच्छेला काय, कुठल्याही पानावर लिहिता येते.) वहिनींनी सगळं एकवार निरखलं आणि विचारलं, "आणि तांदूळ कवा घालायचे गे?"

उरलेलं सामान मिळणं अवघड होतं. तिच्या यादीत हॉली होतं, आयव्ही होतं आणि रोवन नावाच्या झाडाची लाल फळं लाल दोऱ्यात गुंफून हवी होती. बेळगावात यातलं काय मिळणार? शेवटी कॅम्पातून सुरूची बोंडं गोळा करून आणली. परसातला कडुनिंब आणि कुंपणावरची निरगुडी आली. तुळशीचं लग्न होऊन गेलेलंच होतं, तेव्हा वाळल्या मंजिऱ्याही होत्या. लाल फळांच्या जागी खानापूर रस्त्याला मिळालेला गुंजेचा वेल, शेंगा उकललेला, आत काळ्या डोळ्याच्या लाल गुंजा. "तोंडात घालू नका हं, विष असतंय," असं वहिनींनी मला आणि पुतणीला एकाच सुरात बजावलं. माझं वय साठीच्या पुढं आहे.

राहिलं कडं. ते ती ऑनलाइन मागवायला निघाली होती, द्राक्षाच्या वेलाचं, तयार. तिथं मात्र मी हरकत घेतली. या गावाचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव, आणि वेळूच्या गावात गोल कडं कुरिअरनं यावं? तिला घेऊन बुरुडाकडे गेलो. "कशाला पाहिजे? सुपाला?" दाराला, म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. ओल्या बांबूच्या टोकाला कोयत्याची धार टेकवली, मागून हलकी थाप मारली आणि ती कामटी अशी सरसर उघडत गेली की बघत राहावं. आतला पांढरा मऊ भाग तासून काढला, पट्टी दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर वाकवली, टोकं एकमेकांत खोचली. खिळा नाही, तार नाही. पुतणीनं फोन काढून चित्रण करायला सुरुवात केली तोवर काम संपलं होतं. परत एकदा करा म्हणाली, तर तो म्हणाला, "दुसरं घेणार असाल तर करतो की."

आम्ही दुसरं घेतलं. त्यावर हल्ली वहिनी दुधाचं पातेलं ठेवतात.

बांधायच्या वेळी प्रत्येक गाठीला मनात काहीतरी धरायचं असतं म्हणे. पुतणी धरत होती आणि गाठ सुटत होती. निरगुडी एकीकडं, दालचिनी दुसरीकडं. अखेर वहिनींनी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. भुईवर मांडी घातली, एक पाय पुढं सोडला, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि गजरा वळावा तशी डहाळीवर डहाळी वळत गेल्या. अर्ध्या तासात हिरवा, करडा, लाल असा भरगच्च गोल तयार. "आई, तू काही मनात धरलंस का?" तर म्हणाल्या, "धरलं की. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. आणखी काय धरतात?"

खाली फळकुटावर शुभेच्छा लिहायचं चाललं होतं, इंग्रजीत. नव्या नियमानं पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, असं मी भाबडेपणानं सुचवलं. तो नियम दुकानांना आहे, घराला नाही, हे मला ठाऊक होतं. पण फळकूट रद्द झालं, बरं झालं.

कडं दाराला लागलं आणि खरंच देखणं दिसायला लागलं. शेजारच्या अक्का, बैलहोंगलकडच्या, मळे-शेतीच्या घरातल्या. त्या बघायला आल्या. या दिवसांत त्यांच्या माहेरी एळ्ळ अमावास्येचं चाललेलं असतं. शेतात जाऊन चारी बाजूंना घास उधळायचा, त्याला चरगा म्हणतात, आणि मग शेतातच पंगत. त्यांनी कडं खालीवर पाहिलं, "चंद ऐतरी," छान आहे, म्हणाल्या, आणि मग गंभीर होऊन वहिनींच्या कानाशी लागल्या. संध्याकाळी बघतो तर कड्याच्या खाली काळा दोरा, त्यात बिब्बा, लिंबू आणि सात मिरच्या.

पुतणी चिडली. घराचं रक्षण करायला जे बांधलं, त्याच्या रक्षणाला आणखी काहीतरी कशाला? वहिनी म्हणाल्या, "एवढं छान केलंयस, त्यालाच दृष्ट लागंल की!"

मला हे पटलं. तर्कानं नाही, पण पटलं. तिकडच्यांचा उपाय असा दिसतो की दार इतकं सुंदर करायचं, की वाईटाला आत यायचं धाडस होऊ नये. आपला हिशेब नेमका उलटा. आपल्याकडं सुंदर दिसणं हाच मुळात धोका. म्हणून बाळाच्या गालाला काजळाची तीट, नव्या ट्रकच्या मागं फाटकी चप्पल, बांधकाम चालू असलेल्या बंगल्यावर मिशाळ राक्षसाचं तोंड रंगवलेला कोहळा. कोरफड उलटी टांगायची. जे चांगलं आहे त्याला जरासं विद्रूप करून ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्या विद्रूपावर अडून राहते. आणि दृष्ट काही वैऱ्याचीच लागते असं नाही. सगळ्यात लवकर आईची लागते म्हणतात. इतकं प्रेमानं बघणंसुद्धा आपल्याला झेपत नाही.

मी स्वतः हे काही मानत नाही. पण शनिवारी सकाळी खडेबाजारातून जाताना दुकानांपुढं टाकलेली जुनी लिंबं चुकवत चालतो, हे कुणी बघितलं तर मी चिखल होता म्हणून सांगतो. लहानपणी तिकटीवर उतारा ठेवलेला असायचा. पत्रावळीवर भात, गुलाल, हळद-कुंकू, टाचणी टोचलेलं लिंबू, कधी अंडं, आणि कडेला एखादं नाणं. आजीची सक्त ताकीद, ओलांडायचं नाही. आम्ही पोरं सायकल उतरून, चारी बाजूंनी वळसा घालून, जणू आत साप बसलाय असे जायचो. आमच्यातल्या एकानं एकदा ते नाणं उचललं आणि त्याचे चिरमुरे घेतले. आम्हाला दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. आता याला ताप येणार, रक्त ओकणार, निदान गणितात नापास तरी होणार, म्हणून आम्ही आठवडाभर त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याला काहीही झालं नाही. आमची किती निराशा झाली म्हणून सांगू! पुढं तो सराफ झाला.

या गावाला डिसेंबरात भुताखेतांचं तसं वावडं नाही. इथले पुढारी सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत माणसं जमवून रात्र काढत आले आहेत, मसणात काही नसतं हे दाखवायला. कर्नाटकाचा काळ्या जादूविरुद्धचा कायदा २०१७ साली विधानसभेत मंजूर झाला तोही बेंगळुरात नव्हे, इथंच, हलग्याजवळच्या सुवर्णसौधात, हिवाळी अधिवेशनात. २०२० साली तो लागू झाला. लिंबू-मिरचीला मात्र कुणी हात लावलेला नाही. अधिवेशनाच्या दिवसांत हायवेच्या कडेला उभं राहून सौधाकडं धावणाऱ्या गाड्यांच्या बंपरखाली काय लोंबतंय ते एकदा बघा, म्हणजे कारण विचारायची गरज पडणार नाही.

दरम्यान कड्यावरची दालचिनी रोज थोडी थोडी कमी होत चालली आहे. वहिनी म्हणतात उंदीर. असेल. परवाचा पुलाव मात्र उत्तम झाला होता.

पुतणीला मी म्हटलं, तुझं कडं काही नवं नाही, माझ्या आजोळी दसऱ्याला असंच बांधायचे. आजोळ खानापूरकडं, भातशेतीचं गाव. शेतातली पहिली लोंबी कापून आणायची, तिला नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल, झेंडू, असं सगळं एकत्र बांधायचं आणि उंबऱ्याच्या वर खोचायचं. वर्षभर ते तिथंच वाळत राहायचं. चिमण्या दाणे टिपून न्यायच्या. लोंबीची नुसती काडी उरली तरी कुणी काढायचं नाही.

हे सांगता सांगता त्या गावची एक बाई आठवली. तिचं नाव मला माहीतच नाही, कुणी नावानं हाक मारलेली ऐकली नाही. गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. ती विहिरीकडं निघाली की ओसरीवर जेवत बसलेल्या आम्हा पोरांच्या ताटावर मामी पदर ओढायच्या. तान्ह्याला आत न्यायच्या. कुणाची गाय आटली, कुणाचं पोर रडायला लागलं, की बायका एकमेकींकडं बघायच्या आणि त्या रात्री चुलीत मीठ-मोहऱ्या तडतडायच्या. तिला कुणी शिवी दिली नाही, मारलं नाही. ती समोर आली तर बोलायचेसुद्धा, पाणी झालं का, पाऊस काय म्हणतोय. गल्लीतल्या प्रत्येक दारावरचं लिंबू मात्र तिच्यासाठी होतं, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तिलाही असणारच.

एकदा चेंडू आणायला म्हणून मी तिच्या अंगणात गेलो. ती पाटावर उभी राहून उंबऱ्यावर काहीतरी बांधत होती. लिंबू, मिरच्या, बिब्बा. आमच्या दाराला असायचं तसंच, तेवढंच. मला बघून खाली उतरली, चेंडू दिला, आणि मी जाईपर्यंत दाराआड उभी राहिली.

तेव्हा मला गंमत वाटली होती. घरी येऊन मी ते सांगितलं, तर मामी हसल्या. सगळे हसले. हिला कुणाची भीती?

पुतणीला हे सांगितलं. ती बराच वेळ फोनकडं बघत होती, तिच्या गटात कुणीतरी चंद्राच्या कलांचं काहीतरी पाठवलं होतं. मग म्हणाली, "काका, त्या कायद्यात हे येतं का?" काळ्या जादूच्या नावाखाली कुणाला वाळीत टाकणं येतं, म्हटलं. पोरांच्या ताटावर पदर ओढणं येत नाही.