‘मग पुढे?’

स्मरणिकेसाठी ‘शाळेबद्दल काहीही लिहा’ असं समितीचं पत्र आलं. स्नेहसंमेलनं, आंतरशालेय ढाल, हेडसरांची शिस्त यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी फक्त भूगोलाच्या बाईंबद्दल लिहिणार आहे. नाव सांगायची गरज नाही. आमच्या वेळी शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाईंचा तास’ म्हटलं की तो भूगोलाचाच असे.

पुस्तकात चार धडे होते: शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण. प्रत्येकाच्या शेवटी स्वाध्याय आणि हमखास येणारं ‘टिपा लिहा’. बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, “धडे चार आहेत ते छापणाऱ्याच्या सोयीसाठी. पृथ्वीला ही सोय ठाऊक नाही.” आकडे मात्र त्या पाठ करून घेत, त्यात सूट नसे. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली, त्या पाण्यातलं ९७ टक्के खारं, हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. पण उत्तर बरोबर आलं म्हणून खाली बसायला मिळेल, या भ्रमात कुणी राहत नसे. “हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं.” “मग पुढे?” वाफेचे थेंब होतात. “पुढे?” ढग, पाऊस. “पुढे?” उतारावरून पाणी वाहतं, मातीची धूप होते. “पुढे?” गाळ नदीत, नदी समुद्रात. जिथे गाडी अडे तिथे त्या “बस” म्हणत आणि तोच धागा शेजारच्याच्या हातात देत.

एक प्रसंग सांगतो. मागच्या जिन्याखालची जुनी दगडी भिंत आठवत असेल, पाण्याच्या टाकीजवळची. तिच्या फटीत पिंपळाचं वीतभर रोप आलं होतं आणि शिपाईमामा कोयता घेऊन ते छाटायला निघाले होते. बाईंनी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, “मामा, पाच मिनिटं थांबा,” असं ओरडल्या आणि आम्हाला रांगेत खाली नेलं. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. गणिताचे सर वर्गात वाट पाहत बसले, ते वेगळंच.

“हे रोप इथे कसं आलं?” पाखराच्या विष्ठेतून बी पडलं. “बी पडलं, पण रुजलं कशात?” फटीत वाऱ्याने आणलेली धूळ साठली होती, तिच्यात. “फट कुठून आली?” दगड उन्हाने तापतो, रात्री निवतो, आधी केसाएवढी चीर पडते. मग पावसाचं पाणी आत शिरतं. मग मूळ. मूळ जाड होत जातं तशी चीर रुंदावते. बाईंनी दगडांमधला चुना नखाने खरवडला आणि बोट आमच्यापुढे धरलं. पांढरं पीठ लागलं होतं. “हा चुना का सुटला?” कुणालाच येईना. मग त्यांनीच सांगितलं की पावसाचा थेंब पडता पडता हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आम्ल होतो. तेवढ्याशा आम्लानेही चुना हळूहळू झिजतो.

“झिजला. मग पुढे?”

पुढे तो विरघळलेला चुना ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात. तिथे शिंपले आणि डोळ्यांना न दिसणारे जीव त्यापासून आपली कवचं बांधतात. ते मेले की कवचं तळाशी बसतात, थरावर थर चढून चुनखडक होतो. समुद्राचा तळ सरकत सरकत दुसऱ्या भूपट्टाखाली जातो, खाली तो तापतो आणि त्या खडकात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखीतून परत हवेत येतो. “आणि मग पाऊस पडतो,” मागून कुणीतरी म्हणालं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी नाव विचारायचंही विसरलं. या फेऱ्याला कोट्यवधी वर्षं लागतात हे त्यांनी नंतर वर्गात सांगितलं. भिंतीपाशी उभं असताना तो सगळा प्रवास आम्हाला दुपारभराचा वाटला होता. “हातातला खडू जिप्समचा आहे, नाहीतर तोही दाखवला असता,” असं म्हणाल्या आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, “तसा जिप्समही आटलेल्या समुद्राचाच!”

मामांनी नंतर रोप छाटलंच. बाईंनी अडवलं नाही. भिंत शाळेची होती.

फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१ च्या जूनमध्ये फुटला तेव्हा बाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण फळ्याशेजारी चिकटवलं आणि ते काढू दिलं नाही. पुढे दुसरं कात्रण त्याच्याखाली आलं: त्या ज्वालामुखीने फार उंच फेकलेल्या गंधकाच्या वायूमुळे ऊन अडलं आणि साऱ्या जगाचं सरासरी तापमान वर्ष-दोन वर्षं अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं. दोन कात्रणांच्या मध्ये बाईंनी लाल पेनाने बाण काढला होता. माझ्या मते तो बाण म्हणजे आमचा सगळा अभ्यासक्रम. बाकीची पानं परीक्षेसाठी.

मी आज धरणांच्या जलाशयांत साठणाऱ्या गाळावर काम करतो. उपग्रहांच्या चित्रांवरून कुठे किती गाळ बसला हे आमचा गट काढतो, आणि सांगायला संकोच वाटतो पण आमच्या पद्धतीची आता बरीच वाखाणणी होते. बैठकीत अभियंते भिंतीबद्दल बोलतात, वनखात्याचे लोक डोंगराबद्दल, मच्छीमारांना तर कुणी बोलावतच नाही. अशा वेळी मी नाईलचं उदाहरण देतो. आस्वानचं मोठं धरण १९७० साली पुरं झालं, पण पाणी त्याआधीच अडू लागलं होतं. पुराबरोबर येणारा गाळ जलाशयात बसू लागला, त्रिभुज प्रदेशाची किनारपट्टी समुद्र खाऊ लागला. गाळाबरोबर जाणारी पोषकद्रव्यंही अडली आणि मुखापाशी सार्डिन मासळीचं उत्पादन कोसळलं. एवढं सांगून मी टेबलाभोवती पाहतो आणि विचारतो, “मग पुढे?” लोकांना ती माझी लकब वाटते.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. नकाशांच्या खोलीत संगणक बसले आहेत, त्याला माझी हरकत नाही. पण नकाशे गेले कुठे, हे कुणाला सांगता आलं नाही. टाकीजवळची भिंत पाडून सिमेंटची नवी उभी केली आहे, गुळगुळीत. भूगोलाचे तास कमी झाले असंही कळलं. मुलांना गुणांसाठी त्याचा उपयोग नाही म्हणे! वादळ, पूर, दरड, उष्णतेची लाट यांच्या बातम्या रोज येत असताना हे ऐकून मला राग आला, आणि अजून आहे.

समितीने देणगीबद्दल विचारलं होतं. बाईंच्या वेळचा पर्जन्यमापक आता जागेवर नाही. सकाळी साडेआठला नोंद घ्यायची पाळी ज्यांच्यावर आली असेल त्यांना तो आठवेल. नवा मी देतो, नोंदवहीसकट. फक्त जागा नीट निवडावी. जवळच्या कुठल्याही अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर तो हवा, नाहीतर पाऊस अडून नोंद कमी येते. नवी इमारत तीन मजली आहे, म्हणजे मैदानाचा पलीकडचा कोपराच उरतो. तिथे सध्या सायकलस्टँड आहे. तो हलवावा लागेल.