तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळणाऱ्या एआयचं दुर्बिणीपाशी काय काम?

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला येणारी मंडळी आधी विचारतात, "डोळा लावायचा कुठे?" मग माझं काम, म्हणजे दुर्बिणीचा डेटा साफ करायला एआयला शिकवणं, हे कळलं की दुसरा प्रश्न ठरलेला: "गेम खेळायला शिकवतात ते रीइन्फोर्समेंट लर्निंग ना? त्याचं दुर्बिणीशी काय घेणंदेणं?" काही नातेवाईकांना तर अजूनही वाटतं, मी दोन नोकऱ्या करतो.

डोळा लावायला जागाच नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्यात. त्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि दर काही सेकंदांनी प्रत्येक जोडीकडून आकडे येत राहतात. चित्र तयार होतं ते त्या आकड्यांतून, गणिताने. पण प्रत्येक अँटेनाच्या इलेक्ट्रॉनिक्सची तऱ्हा वेगळी, आणि डोक्यावर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणातला वरचा, रेडिओ लहरींना वाकवणारा विद्युतभारित थर. चुंबकीय विषुववृत्त आपल्यापासून फार लांब नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर चांगलंच बिथरतं. या सगळ्याने आकड्यांत शिरलेल्या चुका शोधून काढून टाकणं म्हणजे कॅलिब्रेशन.

यात पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात. वॉटरफॉल प्लॉट (आडवी फ्रिक्वेन्सी, उभा वेळ असा सिग्नलचा आलेख) उघडला की एका फ्रिक्वेन्सीवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ दिसते, तो बहुधा कुठला तरी ट्रान्समीटर. क्षणभरच उमटणारी, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली आडवी रेघ असेल तर विजेच्या तारांवरची ठिणगी असू शकते. काय टाकायचं, काय ठेवायचं? दुरुस्ती दर दहा सेकंदांनी नव्याने काढायची की दर पाच मिनिटांनी? फार घाई केली तर हाती नॉइजच, म्हणजे निरर्थक खरखर, लागतो, उशीर केला तर तोवर आयनोस्फिअर बदललेलं असतं. आजवर हे ज्यांचे केस या कामात पांढरे झाले ते ठरवत आले.

हे ठरवायला मी एजंटला, म्हणजे निर्णय घेणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, शिकवतो. तो एक सेटिंग निवडतो, निकाल बघतो, त्यावर त्याला बक्षीस मिळतं, पुढच्या वेळी निवड सुधारतो. नेदरलँड्समधल्या लोफार दुर्बिणीसाठी असे प्रयोग झालेत. कॅसिओपिया ए, सिग्नस ए यांसारखे आकाशातले ठळक रेडिओ स्रोत भलत्या दिशेला असूनही डेटात घुसतात. त्यांतले कोणते वजा करायचे, हे तिथे एजंटकडून ठरवून घेऊन पाहिलं गेलं.

इथवर सोपं आहे. खरी मारामारी बक्षिसावरून. चित्रातला नॉइज कमी झाला की बक्षीस, असं ठेवलं तर एजंट पेपरात येतं तेवढंच वाचणाऱ्या पोरासारखा वागतो. तो दुरुस्तीत भरमसाट अज्ञात पदं, म्हणजे हवे तसे जुळवून घेता येणारे आकडे, घालतो. नॉइज झकास उतरतो, पण त्याबरोबर आकाशातली खरी अंधूक वस्तूही गिळली जाते. एखाद्या दीर्घिकासमूहाभोवतीचा पसरट, फिकट रेडिओ प्रकाश हा त्याचा नेहमीचा बळी, आणि नेमक्या त्याच्यासाठीच आपण निरीक्षणाचा वेळ मागून घेतलेला असतो! रिसीव्हरचं तापमान, बँडविड्थ आणि निरीक्षणाचा वेळ यांसारख्या गोष्टींवरून किमान किती नॉइज राहायलाच हवा हे काढता येतं. उरलेला नॉइज त्याच्याही खाली गेला, तर पाठ थोपटण्याऐवजी संशय घ्यावा.

२०१६ साली अल्फागो या एआयने 'गो' या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडोलला ४–१ हरवलं, तेव्हा प्रत्येक डावाअखेर कोण जिंकलं याबद्दल वाद नव्हता. आकाशाच्या बाबतीत बरोबर चित्र कुणाकडेच नसतं. म्हणून माझा बराचसा वेळ खोटी आकाशं बनवण्यात जातो. त्यांत अंधूक स्रोत मीच पेरतो आणि एजंटच्या हातून ते वाचतात का, ते तपासतो. बक्षिसातही वाढवलेल्या प्रत्येक अज्ञात पदामागे दंड लावतो. संख्याशास्त्रातला आकाईके निकष (आकडे किती चांगले जुळले आणि त्यासाठी किती पदं खर्ची पडली, दोन्ही मोजणारा) इथे फार कामी येतो. माझ्या मते या क्षेत्रात नव्या अल्गोरिदमचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि या पेरणीचं फारच कमी.

"मग आता माणसं लागणार नाहीत?" हेही कुणी तरी विचारतंच. रात्री उशिराचा, शांत डेटा मी एजंटकडे सोपवेन. संध्याकाळचा मात्र अजून तरी आमच्या ज्येष्ठांकडेच नेतो. एजंटने ज्या आयनोस्फिअरवर सराव केला ते माझ्या संगणकात तयार झालेलं आहे, आणि खरं त्याहून पुष्कळ वात्रट आहे.