थोरल्याचे दूध

गेल्या सप्टेंबरात कॅनबेराला लेकीकडे असताना दुपारी जेवण झाल्यावर माउंट एन्स्लीच्या पायथ्याशी शतपावली करण्याची मला सवय लागली होती. करड्या कांगारूंचा कळप तेथे सावलीला पसरलेला असे. एके दुपारी एका मादीच्या पिशवीतून दोन लांबलचक पावले आणि शेपटीचे टोक लोंबताना दिसले. डोके खाली करून आत सूर मारलेल्या त्या पिल्लाने पोटातल्या पोटात कोलांटी घेतली आणि जेथे पावले होती तेथे दोन कान उगवले. एवढे थोराड पोर अजून आईच्या पोटाशी आहे, हे पाहून मला, खरे सांगायचे तर, हेवा वाटला.

मी घरातला थोरला. धाकटा झाला तेव्हा आईने छातीला कोरफड लावून माझे दूध तोडले, असे आजी सांगत असे. मी जेमतेम दीड वर्षाचा होतो, त्यामुळे मला ते आठवण्याचे कारण नाही. तरी मला कारले खाववत नाही आणि त्याचे खापर मी आजही धाकट्यावर फोडतो.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळांवरच्या लाल कांगारूंत थोरल्या-धाकट्यातली ही दुधाची वाटणी फार निगुतीने होते. तेहतीस दिवसांत जन्मलेले, राजम्याच्या दाण्याएवढे, आंधळे पिल्लू पुढच्या इवल्या पंजांनी आईची लव धरून चार-पाच मिनिटांत पिशवी गाठते. आई त्याला उचलून ठेवत नाही. तोंडात धरलेला सड आतच फुगतो आणि ते तेथे जखडून राहते. पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर १६२९ मध्ये जहाज फुटलेल्या पेलसार्ट या डच अधिकाऱ्याला कांगारूच्याच जातकुळीतले असे पिल्लू पाहून ते सडातूनच उगवते असे वाटले, यात त्याचा फारसा दोष नाही. इकडे आई एक-दोन दिवसांत पुन्हा गाभण राहते, पण तो गर्भ शंभरेक पेशींचा होऊन थबकतो. आठेक महिन्यांनी थोरले पिशवीबाहेर पडले की धाकटे जन्मते आणि दुसरा सड धरते. थोरले मात्र बाहेरून मान खुपसून आपलाच जुना, लांबलेला सड पीत राहते. त्याला दाट, स्निग्ध दूध. शेजारच्या सडातून धाकट्याला पातळ. एकाच आईचे, एकाच वेळी. दुष्काळ लांबला की मात्र दूध आटते, पिशवीतले पिल्लू दगावते आणि थबकलेला गर्भ वाढीस लागतो.

रात्री धाकट्याला फोन करून हे सारे रंगवून सांगितले आणि शेवटी कोरफडीचा हिशेबही काढला.

"दादा," तो म्हणाला, "बहात्तर साल होतं. आई खडी फोडायला जात होती. तिच्या अंगावर दूध होतंच कुठे? मी शेजारच्यांच्या शेळीवर वाढलो."

आजीने मला हे कधीच सांगितले नव्हते.